संजानच्या खापऱ्या आणि घोडपदेवचा खड्डा

आजचा धागा लांबणार आहे, म्हणून आधीच सांगते: चहा घेऊन बसावे. विषय आहे आपल्या उत्तर कोकणातील एका मध्ययुगीन नगरातले रोजचे जगणे. त्या नगरातले लोक काय शिजवीत, कशातून पाणी पीत, कोणाशी भाडे-तंटा करीत आणि मोडके भांडे कोठे टाकीत, हे आपल्याला कसे कळले याची ही हकीकत आहे. सुरुवात मात्र घोडपदेवपासून करते, कारण हा प्रश्न मला तिथेच पडला.

आमच्या गल्लीतली एक जुनी चाळ पुनर्विकासासाठी पाडली. महिनाभरात तिच्या जागी पत्र्यांचे कुंपण उभे राहिले आणि कुंपणामागे खड्डा खोल होत गेला. रात्री डंपर येत, माती भरून नेत. पत्र्यांमध्ये एक फट होती. मी येता-जाता तिथे उभी राहत असे. इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मुलीला खड्डा दिसला की पाय थांबतात, त्याला इलाज नाही.

खड्ड्याच्या भिंतीवर थर स्पष्ट दिसत होते. वर सिमेंट, विटांचा चुरा आणि मंगलोरी कौलांचे तुकडे. त्याखाली बाहेरून आणून टाकलेला मुरूम. त्याच्याही खाली काळा, ओला चिखल आणि त्यात पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे कालवांचे शिंपले. आमच्या शेजारच्या वस्तीचे नाव फेरबंदर आहे. बंदर कुठे, असे लहानपणी आजीला विचारले, तर ती म्हणाली होती, ''अगं, तेव्हा पाणी इथवर होतं.'' ते पाणी त्या दिवशी मी भरावाच्या खाली पाहिले.

डंपरमधून रस्त्यावर सांडलेल्या मातीत मला तीन वस्तू दिसल्या. चिनी मातीच्या बशीची निळी किनार, हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा आणि काजळी धरलेल्या मडक्याचा काठ. पहिल्या दोन वस्तू गिरणगावाच्या काळातल्या असाव्यात. तिसरी? तिचे वय सांगण्याचा साधा मार्ग म्हणजे ती कोणत्या थरातून आली हे ठाऊक असणे, आणि तो थर आता डंपरमध्ये कालवला गेला होता.

म्हणून विचार असा सुरू झाला की, असा खड्डा एखाद्या जाणत्या माणसाने सावकाश, हाताने खणला असता तर काय दिसले असते?

घोडपदेव हे काही मध्ययुगीन नगर नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. इ.स.च्या नवव्या ते तेराव्या शतकांत, उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य असताना, आपल्या भागातली खरी नगरे होती श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमुल्य म्हणजे चौल आणि संयान म्हणजे संजान. मुंबईची बेटे या नगरांच्या सावलीत होती. तरी ती अगदी ओसाड नव्हती. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना एक प्रचंड शिल्प सापडले. एकातून एक उमटणाऱ्या सात आकृतींचा तो शिव सहाव्या शतकाच्या आसपासचा आहे आणि आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे. परळलाच अपरादित्याचा शके ११०९ चा, म्हणजे इ.स. ११८७ चा शिलालेख मिळाला. त्यात साष्टीतल्या एका बागेच्या उत्पन्नातले २४ द्रम्म वैद्यनाथाच्या पूजेसाठी लावून दिले आहेत. लेख संस्कृतात सुरू होतो. परंतु दान मोडणाऱ्याला धमकावण्याची वेळ आली की एकदम मराठीवर उतरतो आणि अशी सणसणीत गाढवशिवी देतो की वर्गात तो वाचताना आमच्या सरांनी दोन शब्द गाळले होते. आठशे वर्षांपूर्वी राग कोणत्या भाषेत येत असे, त्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ठाण्याचे उदाहरण तर आणखी बोलके. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खोदकाम चालू होते. मजुरांच्या कुदळीला ताम्रपट लागले. ते शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ म्हणजे इ.स. १०१७ चे. त्यांचा अनुवाद कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात छापला गेला. शिलाहार नावाचा राजवंश आधुनिक विद्वानांना प्रथम भेटला तो असा, एका पायाच्या खड्ड्यात.

आता त्या खड्ड्याकडे पुन्हा पाहा. ताम्रपट कोणीतरी उचलले, कारण ते तांब्याचे होते आणि त्यांवर अक्षरे होती. त्याच मातीत भोवताली जी मडकी, हाडे, कोळसा, मणी, चुलीचे तुकडे असतील, त्यांचे काय झाले? ते भरावात गेले. राजाचे नाव वाचले आणि राजाच्या नगरातली माणसे फेकली गेली. पुढील सव्वादोनशे वर्षे आपण बहुतेक हेच करीत आलो आहोत.

याला एक सुखद अपवाद आहे आणि तो मुंबईहून रेल्वेने गाठता येतो. पश्चिम रेल्वेवर डहाणू, घोलवड, उंबरगाव मागे पडले की संजान लागते. आज ते गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला खेटून आहे. शिलाहारांच्या काळी मात्र ठाण्याशी त्याचे नाते एकाच राज्यातले होते. पारशी समाजाच्या परंपरेत या गावाला फार मोठे स्थान आहे. इराण सोडून आलेले त्यांचे पूर्वज येथे उतरले, स्थानिक राजाने त्यांना आसरा दिला, ही कथा १५९९ मधील 'किस्से-ए-संजान' या फारसी काव्यात सांगितली आहे. दुधात साखर विरघळल्याची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेलीच असते.

२००२ ते २००४ या तीन हंगामांत येथे उत्खनन झाले. त्यामागे वर्ल्ड झरतुश्ती कल्चरल फाउंडेशन ही संस्था होती आणि संचालक होते पुरातत्त्वज्ञ एस. पी. गुप्ता. अपेक्षा होती पारशांच्या पहिल्या वसाहतीचा माग काढण्याची. वारोळी नदीच्या काठावरील 'संजान बंदर' या जागी खणायला घेतले, आणि जमिनीने एक अख्खे बंदर वर दिले. आठव्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन तेराव्या शतकापर्यंत नांदलेले.

त्यात सोन्याचा हंडा नव्हता. विटांच्या बांधकामांचे अवशेष, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, काचेच्या भांड्यांचे तुकडे, मणी, नाणी आणि खापऱ्या. खापऱ्या म्हणजे किती? पोतीच्या पोती. कोणत्याही जुन्या वस्तीत असेच असते. आपल्याकडे देशावर गावाच्या जमिनीला 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतात. काळी कसायची, पांढरी राहायची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, भिंतींची माती एकाच जागी पडत राहिली की ती माती पांढुरकी होते, जागा उंचावते आणि तिचे टेकाड बनते. पुरातत्त्वाचे विद्यार्थी नव्या गावी गेले की आधी पांढरीचे टेकाड कुठे आहे ते विचारतात. म्हणजे ज्याला आपण ऐतिहासिक स्थळ म्हणतो, ते मुळात अनेक शतके साठलेला घरगुती केर असतो.

आता या केराने काय सांगितले ते पाहू. येथे मी थोडी रेंगाळणार आहे.

बहुतांश खापऱ्या अर्थातच स्थानिक, साध्या. स्वयंपाकाची मडकी, पाण्याचे घट. परंतु त्यांच्यात मिसळून समुद्रापलीकडची भांडी मिळाली, आणि तीही भरपूर. निळसर-हिरव्या झिलईची भांडी दक्षिण इराकमधली, बसऱ्याच्या बाजूची. काही तुकडे चिनी भांड्यांचे. रुक्षाना नानजी यांनी संजानच्या या सर्व मृत्पात्रांचा अभ्यास करून २०११ मध्ये एक ग्रंथच प्रसिद्ध केला. एका गावच्या फुटक्या भांड्यांवर अख्खा ग्रंथ, हे ऐकून माझ्या घरचे हसले होते. पण हिशेब करून पाहा: राजवट बदलली की नाणे बदलते, भाषा बदलायला शतके लागतात, भांडे मात्र घरोघरी असते, वारंवार फुटते, त्याची तऱ्हा दर काही दशकांनी बदलते आणि फुटल्यावर त्याचा कोणाला उपयोग नसल्याने ते जिथल्या तिथे पडून राहते. कालमापनासाठी याहून विश्वासू साक्षीदार मिळणे कठीण.

त्यात मला सर्वांत आवडते ती एक कुरूप वस्तू: टॉर्पेडो जार. लांबट, खाली निमुळता होत गेलेला मातीचा रांजण. त्याला बसका तळ नाही, म्हणून तो जमिनीवर उभा राहत नाही. जहाजाच्या पोटात एकाला एक टेकून रचण्यासाठीच त्याचा आकार. आतून त्याला डांबर फासलेले असते, कारण भाजलेली माती झिरपते आणि आत मद्य, तेल असले काही द्रव असेल तर वाटेतच अर्धे संपेल. हे रांजण इराण-इराकच्या बाजूने येत, आणि आतल्या डांबराचे रासायनिक विश्लेषणही त्याच प्रदेशाकडे बोट दाखवते. भारतात असे तुकडे मिळत, तेव्हा बराच काळ अभ्यासक त्यांना रोमन अँफोरा समजत होते. २००७ मध्ये रोबर्टा टॉम्बर यांनी एका लेखात हा घोळ निस्तरला. त्यामुळे कित्येक ठिकाणचा 'रोमन व्यापार' एका रात्रीत इराणच्या आखातात सरकला! घारापुरी बेटावरही असे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे आमच्या भाऊच्या धक्क्यापासून होडीच्या टप्प्यावर.

खापरीवरून व्यापार कळला, परंतु व्यापार करणारी माणसे कोण? येथे संजानचे दैव असे थोर की जमिनीतल्या केराच्या जोडीला अक्षरेही उपलब्ध आहेत.

संजानपासून दूर नाही असे चिंचणी हे डहाणू तालुक्यातले गाव. तेथे गेल्या शतकाच्या मध्यास काही ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. पहिला आहे राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा. त्यात संयानमंडलाच्या अधिपतीचे नाव आहे मधुमती, उपनाव सुगतिप, वडील सहियारहार, जात ताजिक. संस्कृताचा पदर बाजूला केला की आत दिसतो मुहम्मद, शहरियारचा मुलगा. ताजिक म्हणजे अरब किंवा पश्चिम आशियाई मुसलमान. राष्ट्रकूटांनी आपल्या एका बंदराचा कारभार अशा माणसाकडे सोपवला होता आणि त्याच्या कारकिर्दीत भगवती देवीच्या एका मठिकेला जमीन दान दिल्याची नोंद याच ताम्रपटात आहे.

अनेकांना येथे थांबून आजच्या वादांसाठी एखादे हत्यार उचलायचा मोह होतो, या बाजूने किंवा त्या बाजूने. मला तो ताम्रपट वेगळ्याच ओळीसाठी प्रिय आहे. सुगतिपाच्या सत्कृत्यांत लिहिले आहे की त्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य तरीची सोय केली आणि संयानात एक अन्नछत्र घातले, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट वाढले जाई. भात, कालवण, तूप! हजार वर्षांपूर्वीच्या पंगतीचे पान आपल्यासमोर मांडलेले आहे. आणि आता काजळी धरलेल्या त्या साध्या, कोणी न विचारलेल्या स्थानिक मडक्यांकडे पुन्हा पाहावे. ताम्रपट सांगतो काय वाढले. कशात शिजले ते मातीत आहे. त्यातले नेमके कोणते मडके अन्नछत्राचे, हे कोणी सांगू शकणार नाही, पण असली मडकी आणि असला भात एकाच गावात होते, एवढे पुरेसे आहे.

त्याच संचातला पुढचा एक लेख तर थेट आपल्या ओळखीचा वाटेल. भिल्लमालाहून, म्हणजे राजस्थानातल्या भीनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांनी संजानात आपल्या देवाचे मंदिर बांधले होते. त्या मंदिराच्या आवारात मठिकेची काही जमीन गेली. मठवाले म्हणाले, जमीन आमची. वाद वाढला आणि शेवटी तडजोड झाली: मंदिराने मठिकेला दरसाल ४० द्रम्म द्यावेत. परगावचा धनिक समाज, जुनी संस्था, कुंपणाची भिंत आणि भाडे. पागडीच्या घरात वाढलेल्या कोणाही मुंबईकराला हा लेख समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा, शिलाहारांच्या मांडलिक चामुंडराजाचा, शके ९५६ म्हणजे इ.स. १०३४ चा. त्याने त्याच मठिकेला तेलाचा एक घाणा दिला. कशासाठी? देवीपुढचा दिवा जळावा, आणि अभ्यासासाठी येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल चोळता यावे. दूरवरून चालून आलेल्या माणसाच्या भेगाळलेल्या टाचा एका राजकीय दस्तऐवजात आल्या आहेत, हे वाचून मला फार बरे वाटले होते. याच लेखात ज्यांना हे दान कळवले त्या नागरिकांत अल्लिय, महर आणि मधुमत अशी नावे येतात. अली, मुहम्मद उघडच. महर कदाचित मिहिर, म्हणजे पारशी असावा असे काही अभ्यासकांना वाटते. शिलाहारांच्या लेखांत 'हंजमन' असा शब्द नगरवासीयांच्या संदर्भात वारंवार येतो, आणि फारसी 'अंजुमन' तोच, असे पुष्कळजण मानतात.

आता एक अडचण. खापरीला धर्म नसतो. नीलहरित झिलईच्या त्या वाडग्यातून कोण जेवला? ताजिक सरदार, पारशी कुटुंब, भीनमाळचा वाणी, की बंदरावर हमाली करून एखादा तडा गेलेला वाडगा स्वस्तात मिळवणारा कोळी? उत्खननाआधी अनेकांच्या मनात असे होते की 'पारशी घर' ओळखू येईल, 'मुसलमान घर' ओळखू येईल. तसे ते घरांवरून ओळखू आले नाही. वस्तू सर्वांकडे फिरत होत्या. ज्याची ऐपत, त्याच्या फडताळात परदेशी वाडगा. माझ्या मते संजानच्या मातीने दिलेली ही सर्वांत मोलाची माहिती आहे, आणि ती एकाही ताम्रपटात नाही. कारण ताम्रपटाला नावे लिहावी लागतात आणि नावाबरोबर जात येते.

पारशांचा ठसा मिळाला तो निराळ्या जागी. २००४ मध्ये जुन्या दख्म्याचे, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या गोलाकार विटांच्या वास्तूचे उत्खनन झाले. तेथील अस्थींच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आईकडून येणाऱ्या वंशरेषांपैकी सुमारे ४८ टक्के दक्षिण आशियाई निघाल्या. म्हणजे सुरुवातीच्या पिढ्यांत या मातीतल्या बायका त्या घरांत सून म्हणून गेल्या असाव्यात. त्यांनी बरोबर आपली चूल आणि आपले मडकेही नेले असेल का? मला वाटते, नेले असेल. पण हा माझा तर्क. खापरी याबाबत गप्प आहे.

एवढे सगळे मिळण्यामागे एक साधे कारण आहे: संजान मोठे शहर झाले नाही. जुन्या वस्तीवर टॉवर उभे राहिले नाहीत, म्हणून जमीन वाट पाहत राहिली. ठाण्याचे भाग्य तसे नाही. शिलाहारांची राजधानी असलेल्या त्या नगराच्या उरावर आजचे ठाणे बसले आहे. तिथे रोज पाया खणला जातो.

मग भरवस्तीत उत्खनन होऊच शकत नाही का? होते. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर बाजारसंकुल व्हायचे होते. बांधकामापूर्वी पुरातत्त्वज्ञांना जागा मिळाली आणि १९७६ ते १९८१ अशी पाच वर्षे त्यांनी ती खणली. तिथली जमीन ओलसर, हवाबंद, त्यामुळे लाकूड, कातडे, कापड कुजले नव्हते. दहाव्या शतकातल्या लाकडी घरांच्या भिंती, चामड्याचे जोडे, लोकरीचा एक मोजासुद्धा मिळाला. 'कॉपरगेट' या नावाचा अर्थ पेले करणाऱ्यांची आळी असा होतो, आणि खरोखरच लाकडी पेले कातणाऱ्यांच्या कामाचे उरलेसुरले तुकडे तेथे निघाले. नाव हजार वर्षे टिकले आणि खाली पुरावाही टिकला. त्याच शहरात, १९७२ मध्ये एका बँकेच्या जागी, वायकिंग काळातली अश्मीभूत विष्ठा मिळाली. तिच्यावरून त्या इसमाचा आहार आणि त्याच्या पोटातले जंतदेखील समजले. (हसू नका. अशा माणसाविषयी आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे अरिकेसरीच्या स्वयंपाक्याविषयी नाही.)

इस्तंबूलमध्ये येनिकापी येथे भुयारी रेल्वेसाठी २००४ पासून खणताना बायझंटाइन काळातले बंदर लागले. ३७ बुडालेली जहाजे निघाली. रेल्वे काही वर्षे लांबली, लोक चिडले, पण रेल्वेही झाली.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित स्मारकांचे रक्षण करतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आहे. मात्र ज्या जागेवर स्मारक नाही, तिथे पाया खणण्यापूर्वी जमिनीत काय आहे ते पाहावे, असे बंधन खासगी बांधकामावर नाही. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या धोरणातच ते आले आणि खर्च बांधणाऱ्याच्या माथी गेला. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. मडक्याच्या काठाची किंमत दहा रुपये कोण धरणार?

असे म्हटले की लगेच कोणीतरी विचारते, मग लोकांनी घरे बांधूच नयेत काय? मी स्वतः दीडशे चौरस फुटांच्या खोलीत वाढले आहे. आमच्या मजल्यावर संडास सामाईक होता. पुनर्विकासाला विरोध करण्याची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. माझे मागणे त्याहून फार लहान आहे: खड्डा खणला जात असताना त्याच्या भिंतीसमोर एक प्रशिक्षित माणूस चार दिवस उभा राहू द्यावा. थरांची छायाचित्रे, मोजमापे, प्रत्येक थरातली टोपलीभर माती चाळून. मुंबईत अशी माणसे आहेत. विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाशी जोडलेल्या पुरातत्त्व केंद्राने २०१५ पासून साष्टीत पायी फिरून शोधमोहीम चालवली. वस्त्यांच्या आडोशाला, देवळांच्या पारांवर, झाडांखाली पडलेले गद्धेगाळ, वीरगळ, मंदिरांचे भग्न अवशेष नोंदवले. त्यांतले बरेच विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून जाणारे होते. जमिनीवर जे उरले ते त्यांनी पाहिले. जमिनीखालचे पाहायला त्यांना पत्र्याच्या आत कोण घेणार?

आमच्या गल्लीत मी विचारून पाहिले. जागेवरच्या इसमाने सौजन्याने सांगितले की आत यायचे असेल तर कार्यालयातून पत्र आणा. कार्यालयाने सांगितले की असे पत्र देण्याची पद्धत नाही. दरम्यान खड्डा खडकाला लागला. मग सळ्या आल्या, मग काँक्रीट.

माझ्याजवळ त्या तीन वस्तू आहेत, बुटांच्या खोक्यात. पुरातत्त्वाच्या वर्गात शिकवतात त्याप्रमाणे मी चिठ्ठ्या केल्या: स्थळ घोडपदेव, दिनांक, वर्णन. 'थर' या रकान्यात काही लिहिता आले नाही. मडक्याचा तो काठ मी जाणकारांना दाखवला. ते म्हणाले, असले काठ हजार वर्षे चालत आले आहेत. हे मडके शिलाहारांच्या काळातले असू शकते, आणि तुझ्या पणजीचेही असू शकते.

ज्यांच्या परिसरात सध्या पाया खणला जात आहे, त्यांना एक विनंती. खड्ड्यात उतरू नका. ते धोक्याचे आहे आणि बेकायदेशीरही. बाहेरून, दिवसाच्या उजेडात, खड्ड्याच्या उभ्या भिंतीचे छायाचित्र घ्या. मोजमापासाठी आसपास एखादी ओळखीची वस्तू चौकटीत येऊ द्या, कामगाराचे फावडे चालेल. तारीख आणि रस्त्याचे नाव लिहून ठेवा. ठाणे, सोपारा, वसई, चौल येथील मित्रांनी तर अवश्य. या धाग्याखाली छायाचित्रे जोडलीत तर मी ती स्थळानुसार लावून ठेवीन.

पुढच्या रविवारी परळच्या गाढवशिवीचा शिलालेख, ओळीनिशी. गाळलेल्या दोन शब्दांसह.